विश्लेषण : निरोगी राहण्यासाठी कोणती योगासने आवश्यक? अय्यंगार पद्धत काय सांगते?

मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडीओत शीर्षासन सोपे वाटते. त्यामागची कित्येक वर्षांची तयारी मात्र दिसत नाही. ते पाहून घरी थेट प्रयोग केल्यास मान किंवा कंबर दुखावण्याचा धोका असतो. आसने कोणती करावीत याइतकेच ती कोणत्या क्रमाने आणि कशी करावीत, हेही महत्त्वाचे आहे. पुण्यात सात दशकांहून अधिक काळ योग शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत याच प्रश्नांची उत्तरे सापडतात.

अय्यंगार कोण होते?

१४ डिसेंबर १९१८ रोजी कर्नाटकातील बेल्लूर येथे जन्मलेल्या अय्यंगार यांचे बालपण मलेरिया, विषमज्वर आणि क्षयरोगाशी झुंजण्यात गेले. तब्येत सुधारावी म्हणून म्हैसूरला मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे त्यांनी योगाचे धडे घेतले. १९३७ मध्ये सहा महिन्यांसाठी शिकवायला म्हणून ते पुण्यात आले आणि पुणेकरच झाले. १९५२ मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट झाली आणि त्यांच्यासाठी युरोपचे दरवाजे उघडले. १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९७५ मध्ये पुण्यातील मॉडेल कॉलनीत पत्नीच्या नावाने ‘रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था’ सुरू झाली. २०१४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला वयाच्या ९५व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या पद्धतीचे वेगळेपण काय?

तीन गोष्टी. पहिली, शरीराची अचूक ठेवण : पाऊल, गुडघा, कंबर, खांदा नेमका कुठे असावा याकडे बारीक लक्ष. दुसरी, आसनात घाई न करता स्थिर राहणे. तिसरी, साधनांचा वापर : लाकडी वीट, पट्टा, लोड, घडी केलेली चादर, खुर्ची, भिंतीला बांधलेला दोर. हात जमिनीला टेकत नसेल तर शरीर वेडेवाकडे करण्याऐवजी हाताखाली वीट ठेवायची. त्यामुळे वयस्कर, ताठर किंवा आजारी व्यक्तीलाही आसनाचा लाभ घेता येतो. माणसाला आसनात कोंबायचे नाही, तर आसन माणसाला जुळवून घ्यायचे, हा या पद्धतीचा गाभा.

सुरुवात उभ्या आसनांनी का?

पायांत बळ आणि तोल आल्याशिवाय पुढची आसने नीट होत नाहीत. ताडासन म्हणजे नुसते उभे राहणे वाटते. पण दोन्ही पायांवर, टाचा आणि चवड्यांवर समान भार घेऊन ताठ उभे राहू लागल्यावर आपण एरवी किती कलून उभे असतो हे कळते. त्यानंतर त्रिकोणासन. पायांत तीन ते साडेतीन फूट अंतर घ्यावे, उजवे पाऊल पूर्ण बाहेर आणि डावे किंचित आत वळवावे, गुडघे ताठ ठेवून उजवीकडे वाकावे. मग तेच डाव्या बाजूने करावे. जमिनीला हात लावण्याच्या नादात छाती पुढे झुकते, ही नेहमीची चूक. त्यापेक्षा हात नडगीवर किंवा विटेवर ठेवून छाती खुली राखावी. तोल जात असेल तर भिंतीला पाठ लावून करावे.

दिवसभर बसून काम करणाऱ्यांनी काय करावे?

अधोमुख श्वानासनात खांदे, पाठ आणि मांड्यांच्या मागचे स्नायू ताणले जातात. ते ताठर असतील तर हात जमिनीऐवजी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवावेत. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबरेखालच्या सपाट हाडाखाली वीट आडवी ठेवून केलेल्या सेतुबंधामुळे छाती खुलते आणि पाठीला आराम मिळतो. जुनाट कंबरदुखीवर औषधांआधी ज्या उपायांचा विचार करावा, त्यांत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये योगाचाही समावेश केला. मात्र योग हा उपचारांना पूरक आहे. औषधे परस्पर बंद करू नयेत.

शीर्षासन, सर्वांगासन कधी?

उभ्या आसनांचा सराव पक्का झाल्यावर आणि शिक्षकांसमोरच. ‘लाइट ऑन योग’मध्ये ३०० आठवड्यांचा टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम दिला आहे, यावरूनच किती सबुरी अपेक्षित आहे ते लक्षात येते. सर्वांगासनात खांद्यांखाली चादरींच्या घड्या घेतात, त्या मानेवरचा ताण कमी करण्यासाठी.

काळजी कोणी घ्यावी?

उच्च रक्तदाब, काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचे विकार किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी डोके खाली येणारी आसने डॉक्टर आणि शिक्षकांना विचारल्याशिवाय करू नयेत. मासिक पाळीत ही उलटी आसने टाळावीत, असे या पद्धतीत शिकवले जाते. गर्भवतींनी जाणकार शिक्षकांच्या देखरेखीखालीच सराव करावा. स्नायूंना ताण जाणवणे स्वाभाविक आहे. पण सांध्यात कळ, चक्कर किंवा हातापायांना मुंग्या आल्यास लगेच थांबावे.

रोज किती वेळ द्यावा?

नवशिक्यांना २० ते ३० मिनिटे पुरेशी आहेत. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. श्वास रोखू नये. शेवटी पाच ते दहा मिनिटे शवासन करावेच. वेळ नाही म्हणून नेमके तेच गाळले जाते. आठवड्यातून एकदा दोन तास घाम गाळण्यापेक्षा रोजची चार आसने अधिक उपयोगी. सुरुवातीचे काही महिने तरी शिक्षकांसमोर शिकावे. कारण व्हिडीओ आसन दाखवतो, पण आपला गुडघा कुठे चुकतो आहे हे सांगत नाही.