कॅमेऱ्याची नजर

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात निष्णात होते. त्या व्यवसायावरून लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणत. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट आला आणि आपणही चित्रपट काढावा, तोही स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्याने, असा ध्यास या दोघांनी घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. परंतु बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुढे चालविले आणि कॅमेरा सिद्ध केला. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली लोकांसमोर आला.

हाताने दांडा फिरवून दर सेकंदाला सुमारे सोळा चित्रे घ्यायची आणि प्रत्येक चित्रापुरती फीत क्षणभर थांबवायची, हे यंत्रकाम कठीण खरे. परंतु ते कुशल कारागिराच्या आवाक्यातले असते. कॅमेरा तयार झाल्यावर पुढे उभा राहतो तो प्रश्न भिंगाचा. समोरचे किती अंतरापासून किती अंतरापर्यंतचे दृश्य स्पष्ट उमटेल?

चित्रकाराला हा प्रश्न पडत नाही. जवळचा खांब आणि दूरचा डोंगर तो सारख्याच रेखीवपणे रंगवू शकतो. भिंगाला तशी मोकळीक नाही. हात लांब करून पेन्सिल धरा आणि तिच्या टोकाकडे टक लावून पाहा. मागच्या खिडकीचे गज पुसट होतात. गजांकडे पाहिले, तर पेन्सिल पुसट होते. भिंगही एका वेळी एकाच अंतराशी नेमके जुळते. त्या अंतरावरील बिंदूचा प्रकाश फितीवर पुन्हा बिंदूरूपाने एकवटतो. अलीकडच्या वा पलीकडच्या बिंदूचा मात्र लहानसा ठिपका पडतो. ठिपका अगदी बारीक असेल, तर आपला डोळा त्यालाच बिंदू समजतो. चित्रपटाच्या फितीवर सुमारे १/४० मिलिमीटर व्यासापर्यंतचा ठिपका चालतो, असे मानतात. या सवलतीमुळे अलीकडे-पलीकडे जो पट्टा स्पष्ट दिसतो, तीच स्पष्टतेची खोली.

भिंगापुढचे छिद्र लहान केले की प्रकाशाचा शंकू निमुळता होतो, ठिपका आकसतो आणि खोली वाढते. दूरच्या वस्तूचे चित्र भिंगामागे ज्या अंतरावर स्पष्ट पडते, ते भिंगाचे नाभीय अंतर. त्याला छिद्राच्या व्यासाने भागले की छिद्रांक मिळतो. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाला १२.५ मिलिमीटरचे छिद्र असेल, तर छिद्रांक ४ होय.

आता थोडे गणित. नाभीय अंतराचा वर्ग २५००. छिद्रांक ४ आणि ठिपक्याचा व्यास १/४० यांचा गुणाकार १/१०. भागाकार २५,००० मिलिमीटर, म्हणजे २५ मीटर. याला सीमा-अंतर म्हणू. भिंग या अंतराशी जुळविले, तर त्याच्या निम्म्यापासून, म्हणजे १२.५ मीटरपासून, थेट क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट दिसते.

पण पात्र जवळ असेल तर? असा कॅमेरा घेऊन आपण उदगीरच्या किल्ल्यात उभे आहोत, अशी कल्पना करा. एक विद्यार्थी ५ मीटरवर आहे आणि त्याच्या मागे दूरवर तट आहे. सीमा-अंतर आणि विद्यार्थ्याचे अंतर यांचा गुणाकार १२५. त्याला दोन्ही अंतरांच्या बेरजेने, ३० ने, भागले की अलीकडची हद्द सुमारे ४.१७ मीटर येते. वजाबाकीने, २० ने, भागले की पलीकडची हद्द ६.२५ मीटर येते. पट्टा दोन मीटरांहून थोडा मोठा. विद्यार्थी रेखीव, तट पुसट. छिद्रांक १६ केला, तर सीमा-अंतर ६.२५ मीटर होते आणि पट्टा सुमारे २.७८ मीटरपासून २५ मीटरपर्यंत पसरतो. तट २० मीटरवर असेल, तर आता त्याचे दगडही ओळखू येतील.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. छिद्राचा व्यास चौथाई झाला की क्षेत्रफळ, आणि म्हणून आत येणारा प्रकाश, सोळावा हिस्सा उरतो. मराठवाड्यातील उन्हाळ्याच्या दुपारी तो कदाचित पुरेल. अंधाऱ्या देवडीत पुरणार नाही. बाबूरावांनी ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटातील रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले. अशा वेळी छिद्र मोठे ठेवणे भाग पडते, पट्टा अरुंद होतो आणि नटाने चार पावले पुढे टाकली तरी त्याचा चेहरा पुसट होऊ शकतो.

घरी घडविलेल्या कॅमेऱ्यावर कारखान्याने कोरलेल्या खुणा नसतात. त्या करायच्या, तर मीटर-मीटरवर अक्षरांच्या पाट्या उभ्या करून थोडी फीत खर्ची घालावी, ती धुऊन भिंगाखाली तपासावी, कोणती पाटी वाचता येते ते गणिताशी ताडून पाहावे आणि मगच भिंगाच्या कड्यावर रेघ ओढावी. कोरी फीत त्या काळी परदेशातून येई. पुसट उमटलेले चित्र धुताना काही केल्या रेखीव होत नसे. म्हणून चित्रण सुरू होण्यापूर्वी भिंगापासून नटापर्यंतचे अंतर फितीने मोजून घेणे, हा स्वस्तातला उपाय होता.