दहा कोटी पटींचा डोळा, आठ पटींचा गॉगल

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून नौका पहाटेच्या काळोखात बाहेर पडतात. अमावास्येचे दिवस असले आणि बंदराचे दिवे मागे पडले, की समुद्रावर उरतो तो फक्त चांदण्यांचा उजेड. लक्स या एककात मोजला तर तो साधारण 0.001 भरतो, म्हणजे एका लक्सचा हजारावा भाग. तेवढ्यावरही तांडेलाला पुढच्या होडीची काळी आकृती दिसते, दूरवरची किनाऱ्याची रेघ उमगते. दुपारी बारा वाजता तोच माणूस त्याच डेकवर उभा असतो आणि उजेड 1 लाख लक्सच्या घरात गेलेला असतो. सात-आठ तासांत उजेड 10 कोटी पट वाढला, आणि त्याने यासाठी कुठलंही बटण फिरवलेलं नाही.

10 कोटी पट हा आकडा नुसता वाचून अंगावर येत नाही. पहाटेचा उजेड एक मिलिमीटर धरा. मग दुपारचा उजेड 100 किलोमीटर होतो. रत्नागिरीहून मुंबईच्या दिशेने निघालात तर चिपळूण मागे पडेल एवढं ते अंतर. त्यातून रत्नागिरी 17 अंश अक्षांशावर आहे. 8 मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुंध्यात गडप होते. 5 ऑगस्टच्या सुमारास तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग बहुधा त्याला दिसू देत नाहीत. खरा तडाखा मे महिन्याचा.

एवढा फरक डोळा पेलतो कसा? शाळेत शिकवलेलं उत्तर असं, की बाहुली उजेडात लहान होते आणि अंधारात मोठी. उत्तर खरं आहे, पण हिशेब करून पाहिला तर फार तोकडं आहे. उन्हात बाहुलीचा व्यास सुमारे 2 मिलिमीटर, गडद अंधारात तरुण माणसात 8 पर्यंत. व्यास चौपट, म्हणजे क्षेत्रफळ 16 पट. उतारवयात तर बाहुली अंधारातही तेवढी उघडत नाही. 10 कोटींतून 16 वजा केले असं नव्हे, भागिले 16 केले, तरी 60 लाख पटींचा फरक उरतोच. तो सगळा भार दृष्टिपटलावर पडतो. हा पडदा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ आहे.

त्या पडद्यावरची वस्ती पाहा. एका डोळ्यात 9 ते 12 कोटी दंडाकार पेशी असतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. तेवढी खानेसुमारी एका डोळ्यात मावते. या पेशी रात्रीच्या. रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी 50-60 लाख, त्या दिवसाच्या. आणि या सगळ्यांचा निरोप मेंदूकडे नेणारे तंतू किती? जेमतेम 10 ते 12 लाख, म्हणजे 16 लाखांच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांपेक्षाही कमी. दंडाकार पेशी एकत्र येऊन निरोप पाठवतात, म्हणून रात्री अंधुक उजेड पकडता येतो पण बारीक अक्षर वाचता येत नाही. शंक्वाकार पेशी दृष्टिपटलाच्या मधोमध दाटीने असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये दोन लाखांच्या आसपास. वाचायचं, चेहरा ओळखायचा, सुईत दोरा ओवायचा तो त्या ठिपक्याच्या जिवावर.

1942 साली हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी अमेरिकेत मोजून दाखवलं, की अंधाराला सरावलेल्या डोळ्याला प्रकाशाचा ठिपका जाणवायला दंडाकार पेशींनी अवघे 5 ते 14 फोटॉन शोषले तरी पुरतात. एक फोटॉन म्हणजे प्रकाशाचा सर्वांत लहान कण, त्याहून कमी प्रकाश निसर्गात नाही. आणि मे महिन्यातल्या दुपारी समुद्राच्या पांढऱ्या वाळूकडे बघताना त्याच डोळ्यात दर सेकंदाला किती फोटॉन शिरतात? ढोबळमानाने एकावर पंधरा शून्ये. या दोन टोकांमधला प्रवास मात्र डोळा घाईने करत नाही. उन्हातून अंधारात आल्यावर दंडाकार पेशी पुरत्या जाग्या व्हायला अर्धा तास, कधी जास्तही लागतो.

आता या हिशेबात गॉगल ठेवून बघू. आंतरराष्ट्रीय मानकात गॉगलच्या काचांच्या 0 ते 4 अशा पाच श्रेणी आहेत. समुद्रकिनाऱ्यासाठी घेतात ती श्रेणी 3. ती 8 ते 18 टक्के उजेड आत सोडते. श्रेणी 4 फक्त 3 ते 8 टक्के सोडते आणि ती घालून गाडी चालवू नये असं मानकच सांगतं. मधला आकडा 12 टक्के धरला, तर गॉगल उजेड साधारण आठ पटींनी कमी करतो. 100 किलोमीटरचे 12 झाले. 1 लाख लक्सचे 12,000 झाले. आषाढातल्या भरून आलेल्या दुपारी कोकणात जेवढा उजेड असतो, जवळपास तेवढाच हा. चांगला काळा गॉगल मे महिन्याचा आषाढ करतो, त्याहून जास्त काही नाही.

म्हणूनच गॉगल दुकानात घालून पारखणं फसवं आहे. राम आळीतल्या दुकानात ट्यूबलाइटखाली 300-400 लक्स असतात. तिथे 12 टक्क्यांची काच घातली की 40-50 लक्स उरतात, सगळं काळंभोर वाटतं आणि गिऱ्हाईक फिकी काच निवडून मोकळं होतं. गॉगल घेऊन दुकानाच्या पायरीवर या, रस्त्याकडे बघा, मग ठरवा. दुकानदाराला सवय असते, तो नाही म्हणत नाही.

काळेपणा हे किती दुबळं माप आहे याची साक्ष याच किनाऱ्यावर आहे. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला 1981 साली. नॉर्मन लॉकयर हे ब्रिटिश शास्त्रज्ञ आपलं पथक घेऊन किल्ल्यावर उतरले, मेल्पोमेनी या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. दुर्बिणींसाठीचे चौथरे आजही ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवतात. हेलियमचा शोध इथेच लागला असंही मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं, पण ते खरं नाही. त्या शोधाची गोष्ट 1868 सालची, आणि लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. किल्ल्याला 1898 चा मान पुरेसा आहे, उसनवारीची गरज नाही.

खग्रास स्थिती होती साधारण दोन मिनिटं. तेवढा वेळच सूर्याचं प्रभामंडळ उघड्या डोळ्यांनी बघता येतं, कारण ते सूर्याच्या तबकडीपेक्षा सुमारे 10 लाख पटींनी मंद असतं, पौर्णिमेच्या चंद्राच्या तोडीचं. पण त्या दोन मिनिटांच्या काळोखात बाहुली उघडते आणि सूर्याची पहिली कोर बाहेर येते ती थेट त्या उघड्या दारातून आत. सूर्याचा व्यास 13 लाख 90 हजार किलोमीटर. दृष्टिपटलावर त्याची प्रतिमा पडते ती 0.16 मिलिमीटरची. 2 मिलिमीटरच्या बाहुलीतून आलेला सगळा प्रकाश त्या टिकलीत गोळा होतो, म्हणजे दीडशे पट तीव्र. दृष्टिपटलाला दुखणं कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचं त्या क्षणी माणसाला उमगतही नाही. ग्रहण बघायच्या खास चष्म्याला म्हणूनच लाखात फार तर 3 भाग उजेड सोडायची मुभा आहे, 0.0032 टक्के. 12 टक्क्यांचे गॉगल एकावर एक चढवून तिथवर पोचायचं तर पाच गॉगल लागतील, आणि ते अवरक्त किरणं अडवतीलच याची खात्री तरीही नाही. ग्रहणाच्या दिवशी गॉगल घालून आकाशाकडे बघणाऱ्या मुलाला हटकून अडवा.

उजेड तर डोळा स्वतःच सांभाळतो. मग गॉगल कशासाठी घ्यायचा? जे डोळ्याला दिसतच नाही त्यासाठी. 400 नॅनोमीटरच्या अलीकडची अतिनील किरणं दिसत नाहीत, म्हणून बाहुली त्यांच्यासाठी मिटत नाही आणि पापण्याही आकसत नाहीत. ती बहुतेक सगळी पारपटल आणि भिंग आपल्या अंगावर घेतात. दृष्टिपटलापर्यंत फार थोडी पोचतात. पण भिंगाची अडचण वेगळी आहे. दंडाकार पेशी आपल्या चकत्यांचा दहावा भाग रोज नवा करतात, दहा दिवसांत सगळी रास बदलते. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं मात्र आईच्या पोटात असताना तयार झालेली, तीच शेवटपर्यंत. सत्तर वर्षांच्या माणसाच्या भिंगाने 25 हजारांवर दुपारी पाहिल्या आणि एकीचीही डागडुजी झालेली नाही. मोतीबिंदूमागे वय आहे, मधुमेह आहे, तंबाखू आहे, तसं हे ऊनही आहे.

अतिनील किरणं न अडवणारी काळी काच तर उघड्या डोळ्यापेक्षा वाईट ठरू शकते. काचेमागे बाहुली 2 ची 3 मिलिमीटर झाली, तरी दार सव्वादोन पट उघडतं. शिवाय डोळे बारीक करायची आपली उपजत सवय काचेमागे सुटते. तेव्हा काडीवर ‘यूव्ही 400’ बघा आणि नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. बहुतेक चष्मेवाल्यांकडे जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी असते. ती नोटेवर मारली की नोटेचा क्रमांक आणि कागदातले धागे चमकतात. मधे गॉगलची काच धरायला सांगा. चमक विझली तर काच काम करते आहे. दोन मिनिटांचं काम, आणि ते दुकानातच होतं.

यापुढचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मासेमारीला जाणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत वडस वाढतो. पांढऱ्या भागावरचा मांसल पदर हळूहळू बुबुळावर सरकतो, आणि बहुतेक वेळा नाकाच्या बाजूने. नाकाची सावली जिथे पडते तिथूनच का? कारण बाहेरच्या कडेने, कानशिलाच्या अंगाने तिरका आलेला उजेड फुगीर पारपटलातून वाकतो आणि बरोबर नाकाकडच्या कडेवर गोळा होतो. तिथे त्याची तीव्रता वीस पटींच्या आसपास जाते. समोरून येणारं ऊन गॉगलने आठ पटींनी कमी केलं आणि बाजूचं मोकळं सोडलं, तर सगळं गणित उलटं झालं.

म्हणजे गॉगल ‘शोभतो का’ आणि ‘राखतो का’ हे प्रश्न वेगळे नाहीत. गोल चेहऱ्याला कोनदार फ्रेम, चौकोनी चेहऱ्याला गोल फ्रेम, हा दुकानातला नियम चुकीचा नाही, पण मला तो दुय्यम वाटतो. आधी माप. काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत तीन आकडे असतात, उदाहरणार्थ 58-14-135. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. घरात जो चष्मा नीट बसतो त्याचे आकडे लिहून न्या. फ्रेमची रुंदी गालफडांच्या रुंदीला जुळली पाहिजे, वरची कड भुवईच्या रेषेला धरून जावी, आणि हसल्यावर खालची कड गालावर टेकू नये. हे तीन जमले की कुठलाही आकार चेहऱ्यावर बरा दिसतो, आणि तीच फ्रेम कडेचा उजेडही जास्त अडवते. परदेशी मापाच्या बऱ्याच फ्रेमा उंच नाकासाठी बेतलेल्या असतात. आपल्याकडे घाम आला की त्या घसरतात आणि वरून फट पडते. नाकाला सरकवता येणाऱ्या गाद्या असलेली फ्रेम इथे जास्त उपयोगी. भुवईचा छज्जा डोक्यावरच्या सूर्याला अडवतो, पण झेला घेऊन दिवसभर मान वर करून आंबे काढणाऱ्या माणसाला त्या छज्ज्याचा काहीच आधार नाही. त्याने रुंद काडीचा, कानशिलापर्यंत वळलेला गॉगल घ्यावा, काच राखाडी, म्हणजे फळाचा रंग बदलणार नाही.

पाण्यावरच्या झळाळीचं गणित आणखी वेगळं. सरळ वरून पडलेल्या उन्हातला फक्त 2 टक्के भाग पाणी परतवतं. मांडवीला संध्याकाळी सूर्य क्षितिजापासून 5 अंशांवर आला, की शांत पाणी निम्म्याहून अधिक प्रकाश परत फेकतं. पाण्यावर लंबापासून 53 अंशांच्या आसपास तिरपा पडून परतलेला प्रकाश जवळजवळ पूर्ण आडव्या पातळीतच कंप पावतो. पोलराइज्ड काच नेमका तो आडवा भाग अडवते आणि पाण्याच्या आतलं दिसू लागतं. ती खरी आहे का हे पाहायला मोबाइलच्या पडद्यासमोर गॉगल हळूहळू आडव्याचा उभा करा. बहुतेक पडदे एका कोनात काळे पडतात. नौकेवर मासे शोधायच्या यंत्राचा पडदा वापरणाऱ्याने हे आधीच तपासावं, नाहीतर ऐन वेळी तोच पडदा काळा दिसायचा.

मुलांसाठी मात्र सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवी. लहान मुलाचं भिंग मोठ्या माणसापेक्षा स्वच्छ असतं, त्यातून अतिनील किरणं अधिक आत जातात. जत्रेत मिळणारा रंगीत खेळण्यातला गॉगल काळा असतो, तो किरणं अडवतोच असं नाही. उलट पॉलिकार्बोनेट हा पदार्थ रंग न देताही जवळजवळ सगळी अतिनील किरणं अडवतो. ज्या मुलाला नंबरचा चष्मा आहे त्याची काच पॉलिकार्बोनेटची करून घेतली, तर मे महिन्याच्या सुट्टीत भाट्याच्या किनाऱ्यावर क्रिकेट खेळताना तो पांढरा, साधा दिसणारा चष्मा शेजारच्या मुलाच्या काळ्या गॉगलपेक्षा डोळे जास्त राखत असेल.