गळ्यातले मडके, गळ्यातला स्टोल

वरवंडला मी पाळकांचे स्टोल भरते. शेजारच्या केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनने १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना शिवण-विणकाम शिकवले. सुईचा हा वारसा तिथला.

स्टोल म्हणजे उपासनेत पाळकाच्या गळ्यातून दोन्ही बाजूंनी गुडघ्यापर्यंत सोडलेली कापडी पट्टी. मानेमागे जोड, जोडावर क्रूस, आत अस्तर. नाताळाला पांढरी, उपवासकाळात जांभळी. तिला ख्रिस्ताचे जू मानतात.

जू आम्हाला नवे नाही. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके व कमरेला झाडू असे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले. म्हणून मी एका टोकाला साखळी टाक्याने फुटलेले मडके भरते, दुसऱ्या टोकाला हलगी.

१९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींतून ख्रिस्ती दलित वगळले. १९५६ साली शीख, १९९० साली बौद्ध आत आले. ख्रिस्ती आजही बाहेर. तामिळनाडूत कित्येक गावी त्यांची दफनभूमीही वेगळी. शासन म्हणते, तुम्हाला जात नाही. तिथले चर्च मात्र कबर खणतानाही जात पाहते.

प्रभुभोजनाची भाकर देताना हे मडके मंडळीच्या डोळ्यांसमोर येते. ते पाहून कुणी अस्वस्थ होत असेल, तर व्हावे.