हृषीकेश कानिटकर: त्या चौकारानंतर

हृषीकेश कानिटकर म्हटलं की लोकांना ढाका आठवतं. 18 जानेवारी 1998, इंडिपेंडन्स कपचा निर्णायक सामना, समोर पाकिस्तानच्या 314 धावा आणि मैदानावर अंधारून आलेलं. दोन चेंडूंत तीन धावा हव्या असताना पुण्याच्या या डावखुऱ्याने सकलेन मुश्ताकला मिडविकेटकडे चौकार ठोकला. एकदिवसीय क्रिकेटमधला तोवरचा सर्वांत मोठा पाठलाग पूर्ण झाला.

पण एवढ्यावरच त्यांची ओळख थांबावी, हा अन्याय आहे. वडील हेमंत कानिटकर भारताकडून दोन कसोटी खेळले. मुलाच्या वाट्यालाही दोनच आल्या. रणजीत मात्र हृषीकेशनी आठ हजारांवर धावा केल्या. पस्तिशी उलटल्यावर ते राजस्थानकडे ‘प्रोफेशनल’, म्हणजे बाहेरून मानधनावर घेतलेले खेळाडू म्हणून खेळू लागले. हा संघ तोवर आठ वेळा अंतिम फेरीत हरलेला आणि तेव्हा प्लेट या खालच्या गटात घसरलेला. कानिटकरांच्या नेतृत्वाखाली त्याने 2010-11 मध्ये रणजी करंडक जिंकला आणि पुढच्याच हंगामात तमिळनाडूला नमवून तो राखलाही. माझ्या मते कानिटकरांची खरी थोरवी इथे आहे.

2015 मध्ये ते निवृत्त झाले. पुढे त्याच तमिळनाडूने त्यांना प्रशिक्षक नेमलं आणि 2016-17 मध्ये विजय हजारे करंडक पटकावला.

2022 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात भारताचे मुख्य प्रशिक्षक कानिटकरच होते. मावळ तालुक्याला या संघाचं अप्रूप वाटावं, कारण त्यात लोणावळ्याचा विकी ओस्तवाल होता. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेल्या या डावखुऱ्या फिरकीपटूने पहिल्याच सामन्यात दक्षिण आफ्रिकेचे पाच बळी 28 धावांत टिपले. मग कोरोनाने गाठलं. कर्णधार यश धुलसह सहा जण बाहेर बसले, आयर्लंडविरुद्ध जेमतेम अकरा खेळाडू उरले. तरीही संघ 174 धावांनी जिंकला!

5 फेब्रुवारीला अँटिगात इंग्लंडशी अंतिम सामना झाला. इंग्लंडचा जेम्स रू 95 वर असताना सीमारेषेजवळ भारताच्या कौशल तांबेच्या हातून चेंडू निसटला. त्याने पुढे झेपावून तो जमिनीला टेकायच्या आत पुन्हा पकडला. भारत चार गडी राखून जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कानिटकरांकडे भारतीय महिला संघाच्या फलंदाजीची जबाबदारी आली.