क्रोमची चकाकी आणि नाकातले भोक

सायकलच्या हँडलवरची चकाकी तुम्ही पाहिलीच असेल. ती क्रोमियमच्या अगदी पातळ थराची असते. हा मुलामा चढविण्यासाठी क्रोमिक आम्लाच्या टाकीतून वीज सोडतात. पण त्या विजेचा थोडाच भाग मुलाम्याच्या कामी येतो. बराचसा पाण्यातून हायड्रोजन वायू मोकळा करण्यात खर्ची पडतो. या वायूचे बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात आणि आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडवितात. टाकीपाशी उभा असलेला कामगार तेच तुषार श्वासाबरोबर आत घेतो.

आता आपले नाक पाहू. दोन नाकपुड्यांच्या मधे एक पडदा असतो. (नथ घालण्यासाठी टोचतात ती नाकपुडी, हा पडदा नव्हे.) त्याचा पुढचा भाग कूर्चेचा असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही बाजूंना चिकटलेल्या अस्तराकडून तिला पोषण मिळते. एका बाजूचे अस्तर जळाले तर दुसरी बाजू तिला जगविते. दोन्ही जळाली, की मधली कूर्चा उपाशी मरते आणि पडद्याला आरपार भोक पडते. पुष्कळदा हे काहीही न दुखता घडते. नाकात सतत बोटे घालण्यानेही असे भोक पडू शकते बरे!

तुम्ही म्हणाल, भोक पडले तर हवेला वाट मोठीच झाली की! रोग्याला मात्र नाक चोंदल्यासारखे वाटते. असे का? एरवी हवा नाकाच्या ओल्या भिंतींना लागून सरळ जाते. वाटेत ऊब आणि ओलावा घेते. भोकापाशी मात्र ती भोवऱ्यासारखी फिरते आणि त्याची कड सुकविते. तेथे शेंबूड वाळून खपल्या धरतात. खपली काढावी तर घोळणा फुटतो, न काढावी तर दुर्गंधी येते. मग माणूस चारचौघांत बसायला संकोचतो. भोक लहान असेल तर श्वासागणिक शिट्टी वाजते. रात्री घरच्यांचीही झोप मोडते. काहींना वास नीट येत नाही. भोक फार मोठे झाले तर नाकाचा मधला उंचवटा खचतो. या दुखण्याने माणूस मरत नाही, म्हणून त्याची दखलही कोणी घेत नाही. पण दिवसाला सुमारे २०,००० श्वास घ्यायचे असतात, हे विसरू नका.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे व मलम लावणे हे साधे उपाय. डॉक्टर कधी भोकात सिलिकोनची गुंडी बसवितात, तर कधी शेजारचे अस्तर सरकवून शस्त्रक्रियेने ते बुजवितात. पण मरून गेलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही. त्यापेक्षा टाकीच्या काठाशी तुषार ओढून नेणारा पंखा बसविणे किंवा द्रवावर प्लॅस्टिकचे चेंडू तरंगत ठेवणे कितीतरी सोपे!

आणखी एक गोष्ट. शिट्टी आपोआप थांबली तर रोग्याला बरे वाटते. पण भोक मोठे झाले तरीही ती थांबते.