ताप उतरला, पण ठोके मोजलेत का?

गणपती दोन आठवड्यांवर आले होते. नदीकाठी ढोलपथकांचे सराव जोरात सुरू होते आणि नेमका तेव्हाच माझ्या रूममेटला डेंग्यू झाला. पाच दिवस सणकून ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे ठणका. सहाव्या दिवशी ताप उतरला. प्लेटलेट्सही बऱ्या आल्या. दुसऱ्याच संध्याकाळी पठ्ठ्याने कमरेला ढोल बांधला!

पाच मिनिटांत त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. लिंबू सरबत पाजलं. पथकात नर्सिंग शिकणारी एक ताई आहे, तिने त्याची नाडी धरली. मिनिटाला 44 ठोके! थेट रिक्षा केली आणि हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘ताप उतरून किती तास झाले?’ आम्हाला धड सांगताच येईना. आठवडाभर आम्ही फक्त प्लेटलेट्स मोजत होतो ना!

ईसीजी, रक्ताची ट्रोपोनिन चाचणी आणि टूडी इको झाल्यावर कळलं, हृदयाच्या स्नायूला सौम्य सूज आली होती. याला मायोकार्डायटिस म्हणतात.

तुम्ही म्हणाल, डेंग्यूचा आणि हार्टचा काय संबंध? संबंध आहे. डेंग्यूचा विषाणू आणि त्याच्याशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती, या दोघांच्या झटापटीत हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. मग कधी ठोके मंदावतात, कधी अनियमित होतात, तर कधी हृदयाची पंपिंगची ताकद कमी होते. त्यातच केशवाहिन्यांमधून रक्तातला द्रव बाहेर झिरपायला लागला, तर बीपी घसरतं. आणि गंमत म्हणजे हे झिरपणं बहुतेक वेळा ताप उतरतानाच सुरू होतं. म्हणजे आपण ‘सुटलो बुवा!’ म्हणतो, तेव्हाचे 24 ते 48 तास सगळ्यात जपायचे असतात.

घाबरून जाऊ नका. बहुतेकांचा डेंग्यू साधाच असतो. हृदयावर परिणाम झाला तरी तो बऱ्याचदा सौम्य असतो आणि काही दिवसांत भरून निघतो. पण क्वचित प्रकरण गंभीर होतं आणि आयसीयू गाठावं लागतं. म्हणूनच ‘मला एक सलाइन लावा, लगेच बरं वाटेल’ असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका. हृदय थकलेलं असताना जास्तीचं सलाइन फुप्फुसांत पाणी साठवू शकतं. किती द्यायचं, हे त्यांनाच ठरवू द्या.

आता आपला वीक पॉइंट, आराम! सबमिशन, टर्फवरची मॅच, जिम, पथक... सगळं खुणावतं. पण मायोकार्डायटिस झाला असेल, तर साधारण तीन ते सहा महिने दमछाक करणारा व्यायाम आणि खेळ बंद ठेवायला सांगतात. सुजलेल्या हृदयावर ताण पडला, तर ठोक्यांची लय धोकादायकरीत्या बिघडू शकते.

एवढं लक्षात ठेवा

• ताप कधी उतरला, ती वेळ लिहून ठेवा. पुढचे दोन दिवस रूमवर एकटे राहू नका.

• छातीत दुखणं, धाप लागणं, धडधड, चक्कर, हातपाय गार पडणं, यातलं काहीही झालं तर लगेच हॉस्पिटल गाठा.

• पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती, ही डेंग्यूची धोक्याची घंटा आहे.

• तापावर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका.

• डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो. हॉस्टेलमधला कूलर, बादल्या, कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून कोरड्या करा.

माझा रूममेट आता ठणठणीत आहे. त्या वर्षीच्या मिरवणुकीत मात्र तो आमच्या बॅगा आणि चपला सांभाळत बसला होता. तोंड एवढंसं झालेलं. मी म्हटलं, ‘अरे, ढोल पुढच्या वर्षीही वाजवता येईल.’

तुमचाही ताप उतरला असेल, तर आज ढोलाचे ठोके राहू द्या. आधी स्वतःचे मोजा.