कच्च्या मूर्तींचं गाव

दिव्याहून रोह्याला जाणारी मेमू आपटा सोडते, जिते सोडते आणि पेणच्या आधी एका लहानशा स्टेशनावर थांबते. हमरापूर. उतरणारी माणसं थोडी. माघातली सकाळ होती, भाताची कापणी कधीच उरकली होती आणि शेतात नुसती धसकटं उभी होती. गावाच्या दिशेने चालायला लागलो तेव्हा दूरवर घरांच्या मध्ये काहीतरी पांढरं रांगेने मांडलेलं दिसलं. खाडीकाठचा मुलूख, म्हणून आधी मिठाच्या राशीच वाटल्या. जवळ गेल्यावर कळलं, ते गणपती होते. अंगणात, ओसरीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, फळ्यांच्या मांडणीवर एकावर एक पाच-सहा थर. मुकुटाला सोनं नाही, पितांबराला रंग नाही, डोळ्यांच्या जागी नुसते गुळगुळीत उंचवटे.

या मूर्तींना इथे ‘कच्ची मूर्ती’ म्हणतात. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे, दादर, रावे या सगळ्या पट्ट्याला पेण तालुक्यात ‘हमरापूर विभाग’ म्हणतात, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत भाद्रपदात बसणाऱ्या ‘पेणच्या’ गणपतींपैकी कितीतरी याच विभागात साच्यातून बाहेर पडतात. रंग मात्र त्यांना बहुधा दुसऱ्या गावी चढतो. मुंबई, पुणे, नाशिक, विदर्भ, गुजरात इथले कारखानदार पांढऱ्या मूर्ती ट्रक भरून घेऊन जातात आणि आपापल्या शेडमध्ये रंगवून विकतात. म्हणून गावाचं काम सगळीकडे पोहोचलं, नाव पोहोचलं नाही. मी इथे आलो तो या एका गोष्टीपायी.

इथे हे काम का रुजलं, ते समजायला आधी जमीन बघावी लागते. उत्तरेला पाताळगंगा, पश्चिमेला धरमतरची खाडी. मधली जमीन म्हणजे खारेपाट. भरतीचं पाणी अडवायला मातीचे बांध, पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघाडी, आणि आत भाताचं एकच पीक. खेकडे बांध पोखरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि मग ती जमीन पुढची काही वर्षं धड पिकत नाही. भात हातात येईपर्यंत चार महिने, उरलेले आठ महिने माणसाने करायचं काय? मिठागरावर जायचं, खाडीत जाळं टाकायचं, नाहीतर मुंबई गाठायची. शेजारच्या पेण शहरात मात्र गणपतीचे कारखाने होते. पेणची मूर्तिकला शंभर वर्षांहून जुनी. १८९३ साली लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिलं, उत्सव वाढत गेला आणि मूर्तीची मागणीही वाढत गेली. खारेपाटातली मुलं पेणच्या कारखान्यांत कामाला गेली, हात बसला, आणि परत येऊन त्यांनी आपल्याच अंगणात साचे मांडले. भाताच्या हंगामाला न अडवणारा धंदा होता. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की थोडी उसंत, दसरा-दिवाळीपासून पुन्हा साचे उघडायचे.

एका शेडमध्ये मी बराच वेळ बसलो. आत पांढरी धूळ इतकी की भिंतीवरचं घड्याळसुद्धा पुसल्याशिवाय वाचता येईना. साचा दोन पदरी असतो. आतला रबराचा, मऊ, मोज्यासारखा. त्याला बाहेरून आधार द्यायला प्लास्टरचं जाड कवच. कारागिराने साचा उलटा धरला. म्हणजे गणपती डोक्यावर, बैठक वर, आणि बैठकीच्या तोंडातून आत बघायचं. बादलीत कालवलेलं पातळ प्लास्टर त्याने आत ओतलं आणि साचा दोन्ही हातांनी घोळवला, सोंडेच्या टोकापर्यंत, कानाच्या पाळीपर्यंत जाईल असा. पहिला थर धरला की नारळाच्या काथ्याचे पुंजके प्लास्टरमध्ये बुडवून आतल्या अंगाने बोटांनी दाबत जायचे. काथ्या म्हणजे या मूर्तीची हाडं. तो नसेल तर ट्रकच्या पहिल्याच खड्ड्यात मूर्ती तडकेल.

मग थांबायचं. थोड्याच वेळात त्याने माझा हात धरून साच्यावर ठेवला. साचा कोमट झाला होता. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाणी काढून टाकलेला जिप्सम; पाणी मिळालं की तो पुन्हा दगड व्हायला लागतो आणि होताना ऊब सोडतो. हे पुस्तकात वाचलं होतं. तळव्याला ती ऊब लागली तेव्हा मात्र क्षणभर काही सुचलं नाही. ऊब उतरली की बाहेरचं कवच सोडवलं, रबर कडेपासून सोलत आणलं, आणि सोंडेशी आल्यावर त्याचे हात एकदम हळू झाले. बाळाच्या डोक्यातून झबलं काढावं तसं त्याने ते काढलं. पुढचे हात वेगळ्या साच्यातून येतात, ते नंतर प्लास्टरनेच जोडतात.

यानंतरचं काम बहुतेक बायकांचं. शिवणीवर राहिलेले काठ पत्रीने खरवडायचे, बुडबुड्यांची भोकं बुजवायची, मग पॉलिश पेपरने अंग घासायचं. दारातल्या उजेडाला पाठ करून चार-पाच जणी बसलेल्या, मूर्ती मांडीवर घेतलेली, तोंडाला ओढणी किंवा पदर गुंडाळलेला. घरच्या आणि शेजारपाजारच्या, काही जवळच्या आदिवासी वाड्यांवरून आलेल्या. मूर्तिकार म्हणून सत्कार होतात त्यात या बायकांचं नाव मला फारसं दिसलेलं नाही. पोटाची गोलाई, गालाचा उतार, आपण ज्याला ‘सुबक’ म्हणतो ते सगळं त्यांच्या मनगटातून उतरतं, असं माझं मत तिथे बसूनच झालं.

मांडणीवरच्या मूर्तींना नावं असतात: दगडूशेठ, लालबाग, टिटवाळा. बैठक, मुकुट, सोंडेचं वळण यावरून ही नावं पडलेली. ‘जय मल्हार’ मालिका गाजली तेव्हा खंडोबाच्या वेशातले गणपती मागितले गेले, ‘बाहुबली’नंतर तसे. नवं मॉडेल घडवणारा हात मात्र वेगळा. तो मातीत एकच मूर्ती करतो आणि तिच्यावरून रबराचे साचे निघतात.

गावात काही जण मूर्ती रंगवूनही देतात. त्यांच्याकडे शेवटचं काम डोळ्यांचं, त्याला ‘आखणी’ म्हणतात. अंगाचा रंग फवाऱ्याने मारता येतो, पितांबराची छटाही. आखणीला मात्र बारीक ब्रश आणि श्वास धरलेला माणूस लागतो. पापणीची रेघ, बुबुळ, त्यातला पांढरा ठिपका. दोन डोळ्यांची नजर एका जागी मिळाली नाही तर आधीचं सगळं काम वाया. आखणीवाल्याला कुणी मध्ये हाक मारत नाही.

आता मातीबद्दल. सगळा गाव चिखलाचा, पण मूर्तीची माती इथली नाही. शाडू गुजरातेतून येतो. शाडूची मूर्ती साच्यात दाबून भरायची, सावलीत दिवसेंदिवस सुकवायची, उन्हात नेली की तडा, पावसाळी हवेत सुकणं थांबतं. जड आणि नाजूक. त्यामुळेच प्लास्टर आलं आणि त्यामुळेच हमरापूर वाढलं. पण शाडू पाण्यात काही तासांत विरघळतो, प्लास्टर विरघळत नाही; विसर्जनानंतर किनाऱ्यावर येणारे भंगलेले हात आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मग मुदतवाढ, मग न्यायालय. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. जुलैमध्ये सहा फुटांवरच्या मूर्तींपुरती काही काळ सूट दिली.

खाडीकाठच्या माणसाला पाण्याचं मोल शिकवायची गरज नाही. इथलेच लोक त्या पाण्यात मासे धरतात. पण साचे दिवाळीला उघडतात आणि निर्णय जूनमध्ये येतो. तोवर कर्ज काढून घेतलेलं प्लास्टर मूर्ती होऊन मांडणीवर चढलेलं असतं. शाडूकडे वळायचं तर सुकवायला कितीतरी जास्त जागा, कोरडी गोदामं, वेळेवर येणारी माती आणि चढा भाव देणारं गिऱ्हाईक लागतं. हे सगळं एकट्या कारागिराने उभं करावं अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते. पर्यावरणाचं ओझं मुंबईच्या मंडपाने, सरकारने आणि तुम्ही-आम्ही गिऱ्हाइकांनी वाटून घ्यायला हवं.

आणि पाऊस, वारा आहेतच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पत्रा उडालेल्या शेडमध्ये तयार मूर्ती भिजल्या की त्यांचं पुढे काही करता येत नाही. त्याच वर्षी टाळेबंदी होती आणि घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंतच ठेवा असं सांगितलेलं होतं. आधीच केलेल्या मोठ्या मूर्ती तशाच राहिल्या.

निघताना एका अंगणात लाकडी पेट्या दिसल्या. परदेशच्या मराठी घरांसाठीच्या मूर्ती बोटीने जातात, म्हणून भाद्रपदातला गणपती उन्हाळ्याच्या आतच निघतो. पेंढा आणि कागदाचे कपटे यांत बसवलेल्या त्या मूर्ती मात्र रंगवलेल्या होत्या, डोळे उघडलेल्या. बाकीच्या पांढऱ्या तशाच दुपारच्या उन्हात.

श्रावणात आमच्या शहरातल्या नेहमीच्या दुकानात गेलो. वर पाटी होती: ‘पेणच्या सुबक मूर्ती मिळतील.’ सोनेरी मुकुट, लाल शेला, ताजी आखणी. दुकानदाराला विचारून एक रिकामी, अजून न ठरलेली मूर्ती हळूच कलती केली आणि बैठकीखालून आत बघितलं. रंग तिथवर पोहोचलेला नव्हता. पांढऱ्या भिंतीवर चार बोटं दाबल्याच्या खुणा होत्या, आणि त्यातून काथ्याचा एक तपकिरी धागा बाहेर आला होता.